गाव भरून दाखवल्याची हकिकत

गाव सोडून गेलेल्या आणि तरीही ‘आमचं गाव’ म्हणणाऱ्या तमाम बंधूंनो (पत्र तुला एकट्यालाच आहे, दादा; पण तुम्ही इतके झालात की अनेकवचनच शोभतं), आपलं सगळ्यांचं एक दुखणं सारखं आहे: या गावात माणूस उरलं नाही. तुम्ही ते तिकडे हळहळून सांगता, आम्ही इकडे भोगतो. असो. तुला आणि वहिनींना नमस्कार. तुझी पाठ कशी आहे? आईचा पाय आहे तसाच. नर्सबाई एक दिवसाआड पट्टी बदलतात म्हणून चिघळत नाही, एवढंच.

कळवायचं ते असं. डोकी कमी भरली तर इथला दवाखाना नदीपलीकडच्या मोठ्या गावात न्यायचं वर ठरलं आहे. म्हणजे जिथे नुसते म्हातारे उरले, तिथूनच औषध उचलायचं. (राज्यकारभारावरचे एवढे ग्रंथ वाचले, हे शहाणपण कुठे सापडलं नव्हतं.) मोजायला कारकून येणार कळल्यावर मी चौकात सभा घेतली. घसा फाटेपर्यंत बोललो. श्रोत्यांत निम्मे ठार बहिरे, त्यामुळे ठराव एकमताने मंजूर झाला.

ठराव असा, की कारकून एका घरातून पुढच्या दाराने बाहेर पडला की घरच्यांनी मागच्या दाराने निघून पुढच्या रिकाम्या घरात जाऊन बसायचं. कुलपं काढली, जळमटं झटकली, तुझ्या वकील मित्राच्या घरात तर चूलही पेटवली. युक्ती तरण्यांची होती, पाय मात्र साठीपुढचे. शिंपीकाका पहिल्या घरात नवरा होते, दुसऱ्यात मेहुणे, तिसऱ्यात भाडेकरू. तिथे कारकुनाने विचारलं, “तुम्ही जुळे का हो?” काका धापा टाकत म्हणाले, “तिळे.” चौथ्या घरात सगळे दाराची चौकट धरून उभे राहिले. तेव्हा कारकुनाने स्वतः पाणी काढून सगळ्यांना पाजलं आणि म्हणाला, “बसा आता, आजोबा. फिरायचा पगार मला मिळतो, तुम्ही कशाला पळता?”

तो चिडला असता तर माझ्याकडे भाषण तयार होतं. कीव करणाऱ्यापुढे काय बोलणार? त्याने खरा आकडा लिहिला. तुम्ही तिकडच्या गर्दीत मोजले जाता, जिथे एक कमी झाला तर कुणाच्या लक्षातही येत नाही; आणि इथे तुमच्या नावाची दारं आम्ही पुसत बसतो.

तुझा धाकटा

ता.क. नर्सबाईंची बदली झाल्यातच जमा आहे. तेव्हा वरच्या संतापाचा उपयोग शून्य, हे मलाही कळतं.

ता.क. एक राहिलं. आई त्या पळापळीत नव्हती. तिने कारकुनाला शांतपणे सांगितलं, “घरात तिघं. मी, हा, आणि थोरला. थोरला आत झोपलाय, हळू बोला.” गावाची सगळी लबाडी पाहून आलेला तो माणूस दारात चपला काढून उभा राहिला आणि कुजबुजत म्हणाला, “उठवू नका, आजी. रविवारी दुपारी पुन्हा फेरी आहे, तेव्हा भेटेन.” तेव्हापासून ती रोज तुझं अंथरूण घालते आणि मलाही घरात मोठ्याने बोलू देत नाही.

दवाखाना तुझ्या येण्याने वाचणार नाही. तरी रविवारी दुपारच्या आत ये आणि त्या अंथरुणावर आडवा हो.