हलक्या हाताचा फटका

४ मार्च, सकाळ
आजपासून वेज. ठरलं म्हणजे ठरलं. ऑनलाइन गोल्फमध्ये लांबचा फटका कोणीही सोम्यागोम्या मारतो. खरा खेळाडू कळतो तो भोकाजवळ. वेज नावाची काठी निवडायची, स्क्रीनवर बोट हळूच खाली ओढायचं, काटा पांढऱ्या रेघेवर आला की सोडायचं. चेंडू वर उचलला जातो, अलगद पडतो, भोकाशी जाऊन थांबतो. एवढंच. महिन्याभरात ब्रॉन्झ गटातून गोल्ड गटात. बायकोला सांगितलं. तिने विचारलं, बाबांना गोळी दिलीस का. काही माणसांना मोठी स्वप्नं झेपतच नाहीत.

५ मार्च
चेंडू हिरवळ ओलांडून तळ्यात. प्रत्येक वेळी. जोर जास्त होतोय असं नाही, स्क्रीनगार्ड जुना आहे. नवा टाकला.

६ मार्च
तळ्यात. नवा स्क्रीनगार्ड फारच गुळगुळीत आहे.

८ मार्च, दुकानात
चष्म्याच्या दुकानातल्या नोकरीचा एक फायदा आहे. गिऱ्हाइकाच्या नाकावर तपासणीची जड फ्रेम चढवली, समोरची अक्षरं वाचायला सांगितली, की त्याचं माझ्याकडे लक्ष नसतं. फोन गुडघ्यावर. आज एक शिक्षिका वाचत होत्या आणि मी बरोबर, बरोबर म्हणत होतो. शेवटी त्यांनी विचारलं, अक्षरं केव्हाच संपली, आता काय वाचू?

९ मार्च
बाबांविषयी दोन शब्द. झटका आल्यापासून उजवी बाजू लुळी आहे. जीभही अडखळते. हात सुधारतोय असं फिजिओबाई म्हणतात, मला तरी दिसत नाही. संध्याकाळी मी घरी आलो की ते माझ्याकडे बघत बसतात. एकाग्रता मोडते. माझा जुना टॅब त्यांना देऊन टाकला. बायको म्हणाली, टॅब राहू दे, त्यांच्याजवळ जरा बस. म्हटलं, टॅबसुद्धा मीच दिलाय ना.

१२ मार्च
नशीब उघडलं. ‘कासव’ नावाच्या कोणा खेळाडूने आपणहून आव्हान पाठवलं. एक फटका मारायला इतका वेळ लावतो की तेवढ्यात माझा चहा होतो. काटा थरथरत थरथरत भलतीकडेच सुटतो. चेंडू वाळूत. मी जिंकलो. माझी वेज तळ्यातच गेली, पण त्याचा चेंडू अजून वाळूतच होता.

१५ मार्च
रोज कासव, रोज विजय. मार खातो आणि परत येतो. लाज कशाशी खातात ठाऊक नसावं. मी सिल्व्हर गटात. आतल्या खोलीत बायको आणि बाबा हसत होते. दार लावून घेतलं.

१८ मार्च
गेममध्ये निरोप पाठवता येतात. कासवाला लिहिलं, आजोबा, जागे आहात की गेलात? त्याने हसरा चेहरा पाठवला. कोडगा.

२१ मार्च
दुकानात किरकोळ प्रकार. एका गृहस्थांचा डाव्या डोळ्याचा नंबर उजव्या काचेत गेला आणि ते जिन्यावरून घसरले. मालक म्हणाले, नजर तपासणाऱ्याचीच नजर कुठे होती? आता मी मागच्या खोलीत फ्रेमा पुसतो. अपमान वगैरे काही नाही, तिथे नेट चांगलं आहे.

२३ मार्च, संध्याकाळ
कासवाने वेज मारली. चेंडू उचलला गेला, कापसासारखा पडला, घरंगळत घरंगळत भोकात. तो हरामखोर जिंकला. त्याच क्षणी आतून बायकोच्या आणि फिजिओबाईंच्या टाळ्या. बाबांना कसला तरी व्यायाम जमला असावा. माझी इथे शोभा झालेली आणि घरात उत्सव. कासवाला लिहिलं: आंधळ्याने मारलेला दगड लागला म्हणून नाचू नका. हाताला लकवा भरलाय तर मुकाट पडून राहा, चांगल्या माणसांचा वेळ खाऊ नका. ऑनलाइन खेळात सगळेच असं लिहितात. वाचल्याची खूण आली. हसरा चेहरा आला नाही.

२४ मार्च
कासव आलं नाही. घाबरलं.

२७ मार्च
कासव नाही. बाकीचे खेळाडू माणुसकी नसलेले. मी परत ब्रॉन्झमध्ये. फिजिओबाई दारात बायकोला सांगत होत्या, एवढा छान हात आला होता, आता बोट उचलायलाही तयार नाहीत, भिंतीकडे तोंड करून पडतात. बायको रडली. जेवायला उशीर झाला.

२९ मार्च
आज बायको बोलली. भांडी घासताना, पाठ माझ्याकडे ठेवून. कासव म्हणजे बाबा. बोटांसाठी तो खेळ फिजिओबाईंनी सुचवला होता. माझं नाव शोधून आव्हान पाठवायला बाबांनीच तिला सांगितलं. मी विचारलं, माझ्याशीच का? ती म्हणाली, तू घरात दुसऱ्या कशाला वेळ देतोस? मी म्हणालो, मग मला आधी सांगायचं. तर म्हणे बाबांनीच बजावलं होतं, सांगू नकोस, पोरगा जिंकतोय, खूश आहे, जिंकू दे.
म्हणजे चूक कोणाची हे उघड आहे. तरी दिवसभर छातीत काहीतरी अडकल्यासारखं होतं. पित्त.

३० मार्च
बाबांच्या खोलीत गेलो. खुर्चीवर त्यांचे कपडे होते, म्हणून उभाच राहिलो. सांगितलं, बाबा, तो निरोप तुम्हाला नव्हता, कासवाला होता. ते बघत राहिले. मग खूप खटपट करून एकच शब्द बोलले, हो. विषय मिटला. वातावरण हलकं व्हावं म्हणून त्यांच्या वेजमधल्या चुका समजावून दिल्या. त्यांनी डोळे मिटून घेतले. लक्ष देऊन ऐकताना माणूस डोळे मिटतो.

२ एप्रिल
ताई गाडी घेऊन आली. मोठी बहीण असल्यामुळे विचारायची पद्धत तिच्यात नाही. बाबांना घेऊन जाते म्हणाली. बायकोही निघाली, त्यांना तिथली सवय होईपर्यंत. किती दिवस ते विचारलं, तर ताई म्हणाली, तुला आता खेळायला घर मोकळं मिळेल. मनाने चांगली आहे ताई. दोघींनी बाबांना धरून जिना उतरवला. मी दार धरून ठेवलं होतं. बाबांनी मागे बघितलं नाही. मान वळत नसेल.

९ एप्रिल
बाबा परत खेळायला लागलेत. ताईशी, बायकोशी. मी आव्हान पाठवलं. नाकारलं. पुन्हा पाठवलं. आज मुद्दाम हरेन असंही लिहिलं. वाचल्याची खूण आली.

१२ एप्रिल
कासवाने मला ब्लॉक केलं. बायकोला फोन करून विचारलं, हे कोणी केलं, तू की ताई? ती म्हणाली, बाबांनी, स्वतः, उजव्या हाताने. ब्लॉक करायचं तर नावावर बोट दाबून धरावं लागतं. बराच वेळ, अजिबात न थरथरता. जरा सुटलं की पहिल्यापासून. बाबांचं दोनदा सुटलं, पण मदत घेतली नाही म्हणे. तिथे येणाऱ्या फिजिओबाईंनी पाठ थोपटली.
एवढा हात सुधारला तो कोणाशी खेळून, हे त्या घरात कोणी बोलत नाही. श्रेय मागत फिरायचा माझाही स्वभाव नाही.