यामिनीच्या लग्नातले चमकीचे तोरण

मी, नरहर गणेश देवपुजारी, वय ७१, निवृत्त प्रयोगशाळा सहायक, राहणार सिंदी (रेल्वे), तालुका सेलू, जिल्हा वर्धा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. कोणी दडपण आणलेले नाही. आणायला घरात कोणी उरलेलेही नाही. पत्नी इंदिरा नोव्हेंबर २००३ मध्ये गेली.

१. राहते घर मुलगा सुश्रुत व मुलगी यामिनी यांना समसमान. विकले तरी चालेल. ओसरीतला लाकडी बाक मात्र विकू नये. त्यावर बसून इंदिरा आणि शेजारच्या शोभाबाई दुपारभर चमकी कापत.

२. पोस्टातील ठेव दोघांना अर्धी अर्धी. इंदिराच्या पाटल्या यामिनीला. माझी बहीण सुलोचना हिने त्या मागितल्या होत्या. तिला देऊ नयेत. कारण कलम ४ मध्ये आहे.

३. लोखंडी टब, रबरी हातमोजे व लांब चिमटा भंगारवाले तानबा यांस.

चमकी म्हणजे पातळ प्लास्टिकवर ॲल्युमिनियमचा मुलामा. १९९६ पासून बुटीबोरीच्या एका कारखान्यातले रोलचे उरलेले तुकडे पोत्याने आमच्याकडे येत. त्यांची तोरणे या गल्लीतल्या प्रत्येक लग्नात लागली. उरलेली कात्रणे तानबा घेत नसत. म्हणत, "मास्तर, चमकी काढून देजा, मंग नेतो. साधं प्लास्टिक वितळून त्याचा दाणा होते. याचं काई होत नाई."

कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात हा मुलामा विरघळतो हे मला शाळेतल्या प्रयोगशाळेच्या नोकरीमुळे ठाऊक होते. पहिल्यांदा मी ते जर्मनच्या पातेल्यात केले. पातेल्याला भोके पडली. इंदिरा म्हणाली, "तीस वर्षं प्रयोगशाळेत काढलीत ना? पातेलंही ॲल्युमिनियमचंच आहे की हो." आठवडाभर ती हसत होती.

तानबांनी लक्षात ठेवावे: सोडा पाण्यात घालावा, पाणी सोड्यावर नाही. काम अंगणातच करावे. वायू निघतो, जवळ विडी ओढू नये. चमकी उतरली की माल दोनदा धुऊन वाळवावा.

४. यामिनीच्या लग्नासाठी इंदिराने तोरण बांधायला घेतले होते. ती गेल्यावर मागच्या खोलीतली चमकणारी पोती मला पाहवेनात. तेराव्यानंतर मी ती सगळी सोड्यात रिकामी केली. शेवटच्या पोत्यातून लाल दोरा वर आला तेव्हा समजले, तोरण त्यातच होते. गाठी इंदिराच्या होत्या. पाने काचेसारखी आरपार दिसत होती. ते तोरण धुऊन मी ट्रंकेत ठेवले आणि कोणाला सांगितले नाही.

फेब्रुवारीत लग्नाच्या दिवशी सगळ्यांनी तोरण शोधले. सुलोचना भरल्या मांडवात म्हणाली, "खोलीची चावी शोभाबाईंकडेच असायची ना?" शोभाबाईंनी माझ्याकडे पाहिले. मी वरपक्षाची व्यवस्था बघायला निघून गेलो. त्या न जेवता घरी गेल्या. तेव्हापासून बाक रिकामा आहे.

तोरण कोणी चोरले नाही. ते मी घालवले. या कलमाची प्रत यामिनीला व सुलोचनाला आजच टपालाने पाठवीत आहे.

५. शोभाबाईंना या मृत्युपत्रान्वये काहीही देत नाही. ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकिलांनी सांगितले. आणि मला त्यांचीच सही हवी आहे. माझ्यामागे हे त्यांना कळून उपयोग नाही. सहीपूर्वी सर्व कलमे मी स्वतः त्यांना वाचून दाखवीन.

सहीपूर्वी जोडलेली नोंद: आज सकाळी ओसरीत वाचून दाखवले. साक्षीदार प्रभाकररावही हजर होते. कलम ४ नंतर शोभाबाई म्हणाल्या, "भाऊजी, तवाच सांगतलं असतं तं हळदीच्या दिवशी दुसरं बांधून देलं असतं मी." त्यांनी तोरण पाहायला मागितले. दोन गाठी सुटल्या होत्या. त्या त्यांनी बाकावर बसून बांधल्या, आणि मग सही केली.

स्थळ: सिंदी (रेल्वे)
दिनांक: १२ जानेवारी २००७

सही: न. ग. देवपुजारी

साक्षीदार:
१. प्रभाकरराव वानखेडे
२. शोभाबाई महादेवराव साटोणे