दोघांपुरता पगार

रविवार, संध्याकाळ

आज शेठ स्वतः घरी आले. प्रमोदला पुण्याला नोकरी लागली, तो त्यांच्या राइस मिलमधलं मेकॅनिकचं काम सोडतोय, हे कळलं ना! दर दिवाळीला पगार वाढवून मागितला की हाच माणूस म्हणायचा, "तुम दोनों ही तो हो. बालबच्चा नाही, जास्त पगार कायले पाहिजे?" मूल व्हावं म्हणून दवाखान्यांच्या चकरा मारून आम्ही पैशानंही रिकामे झालो होतो, तेव्हाही हेच.

आज म्हणतात, "भाभी, पुणे महाग आहे. तिथल्या पगारात दोघांचं नाही भागणार. मी इथंच वाढवून देतो."

मी म्हटलं, "शेठजी, आम्ही दोघंच तर आहो. आमाले कितीक लागते?"

चेहरा पडला त्यांचा. प्रमोदला दया आली. मला नाही आली. कायले यावी?

खरं तर ते चूक बोलले नाहीत. भाडं देऊन हाती फार उरणार नाही, मलाही काम शोधावं लागेल. शोधीन. पण ऐन धानाच्या हंगामात त्यांची मशीन बंद पडेल आणि ती दुरुस्त करणारा गोंदियात नसेल, हे मनात आलं आणि जेवताना मी दुसऱ्यांदा भात वाढून घेतला.