खांबांवरचे मासे

१३ जानेवारी १९८६
मिळालं! किरीटभाईंनी टाउन हॉलचं काम माझ्या टेबलावर ठेवलं. "सुलभाबेन, माप घ्या, ड्रॉइंग बनवा, महिन्यात देऊन टाका." तीन वर्षं या ऑफिसात दुसऱ्यांच्या संडास-बाथरूमच्या पायपांच्या रेघा ओढल्या. आता एक अख्खी इमारत, तीही व्हिक्टोरिया राणीच्या काळातली. कि.भा. आर्किटेक्ट, मी ड्राफ्ट्समन. बाई असले तरी पगाराच्या पाकिटावर ड्राफ्ट्समनच. असो.

वाईट एवढंच की ती पाडायचीय. हॉल ज्यांच्या मालकीचा त्या ट्रस्टला तिथे लग्नाचा हॉल हवाय, वर ऑफिसांचे गाळे. नवी बिल्डिंगही कि.भां.नाच मिळणार. आमचं ड्रॉइंग फक्त नोंदीपुरतं. मयताचा फोटो काढतात तसं.

१४ जाने.
अंधेरीला उतरून चालत गेले. आईशप्पथ, काय आहे! इतकी वर्षं बाहेरून बघत होते आणि काहीच बघितलं नव्हतं. भिंती काळ्या दगडाच्या, कमानी पोरबंदरी पिवळट दगडाच्या. कमानी टोकदार. दारावर गोल खिडकी, लाल-निळ्या काचा, निम्म्या फुटलेल्या. मनोरा आहे, घड्याळ नाही, त्याच्या भोकात पारवे. आत एकच लांब दालन, दोन्ही बाजूंना खांबांची रांग, वर छप्पर पेलणाऱ्या सागवानी कैच्या. वर बघून बघून मान धरली.

आधी इथे गावच्या म्युनिसिपालिटीच्या सभा भरायच्या. मग रेशन ऑफिस, मग वाचनालय, आता साड्यांचे सेल. खांबाला खिळे ठोकून बोर्ड लावलाय. मेल्यांनो, घरच्या भिंतीला ठोकाल का असे?

दर वर्षी २६ जानेवारीच्या आधी सगळ्याला ऑइलपेंट मारायची इथली पद्धत. यंदा पाडायचीच म्हणून मारला नाही. खांबांच्या डोक्यांवर रंगाचे इतके थर की खाली काय आहे देव जाणे. पोपटी ढेकळं नुसती.

१७ जाने.
भिंत अडीच फूट जाड!! आमच्या बोरीवलीच्या खोलीत कपाटाला एवढी जागा नाही. टेपचं दुसरं टोक धरायला हॉलचे शिपाई पेडणेकरकाका. "बाय, मोडूचाच आसा तर मापतंस कित्याक?" काय सांगणार.

२१ जाने.
कि.भां.नी ट्रस्टला रिपोर्ट पाठवूनही दिला! माझं ड्रॉइंग पुरं व्हायच्या आधी. कार्बन कॉपी वाचली. "खांबांवर सर्वत्र आढळते तशी साधी पानांची नक्षी. जपण्याजोगे विशेष काही नाही." एकदा घोड्यावर, रंगाऱ्याच्या त्या दुपायी शिडीवर, चढून बघायचं तरी! चढले नाहीत, मला माहीत आहे. उंचीवर त्यांना गरगरतं.

पण मग खांबाचं डोकं काढणार कसं ड्रॉइंगमध्ये? पोपटी ढेकूळ काढू? उद्या थोडं खरवडून बघते.

२३ जाने.
काल ऑफिसात अडकले, आज खरवडलं.

रंग काढायला कॉस्टिक सोडा नको, दगड खातो. म्हणून बांबूची चिपटी आणि ओलं फडकं. ऑइलपेंटच्या खाली चुन्याचा जुना हात आहे, त्यामुळे एकदा धार सापडली की पापुद्रे सुटत येतात. दुपारपर्यंत एक पान निघालं. टोकाशी दुभंगलेलं. म्हटलं असतं एखादं. मग त्याच्यावर बारीक बारीक खवले. पानाला खवले?? अजून वर गेले. कल्ले. मग डोळा.

मासा!! अख्खा मासा, खांबाच्या डोक्याला बिलगून. घोड्यावर उभी राहून एकटीच मोठ्याने हसले. काका खालून, "बरा आसा मा?"

२४ जाने.
दुसरा खांब. कुर्ली. नांगे वर काढून कमान उचलून धरल्यासारखी. जेवायची सुट्टी झाली तरी उतरवेना. काकांनी डबा वर दिला, घोड्यावरच जेवले.

रात्री ट्रेसिंग घरी आणलं. आये चष्मा लावून बघत बसली. मी म्हटलं, कालचा मासा सरंगा. "सरंगो न्हय गो तो, हलवो. शेपटी बघ." बाबा म्हणे, सरंगाच. दोघांचं वाजलं. शेवटी आये म्हणाली, "कोरणाऱ्यान खाल्लेलो आसतलो, तुमी नाय." विषय संपला.

२७ जाने.
कि.भां.ना सांगितलं. ट्रेसिंग टेबलावर पसरलं.
"मने तो पान लागे छे."
"किरीटभाई, याला डोळा आहे."
"पानाला पण गाठ असते."
आता काय बोलायचं! सात पिढ्यांत घरात अंडं आलं नाही, माणसाने मासा अख्खा असा कधी पाहिलेलाच नाही. पाहिला असेल तो कापडात गुंडाळलेला, वास येतो म्हणून तोंड फिरवून. त्यांनी खोटं लिहिलं नव्हतं. त्या ढेकळांतही त्यांना खरंच पान दिसलं होतं. रागावून गेले होते, राग टिकलाच नाही.

मी म्हटलं, चला मासळी बाजारात. म्हणून बसले आणि वाटलं, नोकरी गेली. मग म्हणाले, "घाटकोपरच्या नको. तिथे ओळखतात."

२८ जाने.
अंधेरीचा मासळी बाजार. कि.भा. नाकाला रुमाल, बगलेत ट्रेसिंगची गुंडाळी, पँट वर धरलेली. हसू दाबून दाबून पोट दुखलं. एका कोळणीसमोर उकिडवे बसले, ट्रेसिंग उलगडलं आणि एकदा कागद, एकदा मासा, एकदा कागद.
"ओ शेट, घ्यायचंय का नुसतं बघायचं?"
"नुसतं बघायचं," एकदम गरिबासारखे.
ती हसली. मग स्वतःच हलवा उचलून शेपटीकडून धरला त्यांच्यापुढे, हा असा बघा म्हणाली. कि.भां.नी रुमाल काढला नाकावरचा. बोट लावलं खवल्याला! बराच वेळ बघत होते. उठताना म्हणाले, "सुलभाबेन, मी चुकीचं लिहिलं." बस, एवढंच.

(हलवाच. आये जिंकली. मी पाव किलो कोळंबी घेतली, उगाच बघून गेलो असं नको.)

३ फेब्रुवारी
नवा रिपोर्ट गेला, त्यांच्या सहीने. आता रोज दुपारी तेही घोड्यावर. गरगरतं, डोळे मिटतात, परत खरवडतात. बोंबील निघाला, तोंड वासलेला. शिंपल्यांची माळ निघाली. एका खांबावर फणस, त्यावर खार. कोणी कोरलं असेल? नाव कुठेच नाही. इंग्रज साहेबाने कागदावर पानंच काढून दिली असणार, आणि आपल्या माणसाने मान हलवून आपल्याला हवं ते कोरलं असणार. हे माझं म्हणणं, पुरावा नाही. पण मला अगदी तसंच वाटतं.

८ फेब्रु.
ट्रस्टचे अध्यक्ष येऊन गेले. सोबत कमिटी. अध्यक्ष झब्ब्यात, हातात किल्ल्यांचा जुडगा, कमी बोलणारे. कुर्लीखाली बराच वेळ उभे. म्हणाले, आजोबा सांगायचे, इथल्या चुन्यासाठी कोळीवाड्यातून होड्या भरून शिंपल्या आल्या होत्या. "मला वाटायचं म्हातारा फेकतो." मला तर नाचावंसं वाटत होतं. वाचली, वाचली, वाचली!

१२ फेब्रु.
वाचली नाही.

कमिटीचं म्हणणं: नक्षी सुंदर, अभिमान वगैरे. बिल्डिंग होणारच. पण एका खांबाचं डोकं काढून नव्या लॉबीत काचेत ठेवायचं. "कुठलं, ते तुम्ही निवडा." वर माझं कौतुक! बाईंची नजर छान आहे म्हणे.

रडले. बाथरूममध्ये, नळ सोडून.

१३ फेब्रु.
दिवसभर निवडत होते. हलवा? तो पहिला. कुर्ली? आयेला कुर्ली आवडली. मग एकदम वाटलं, मी हे काय करतेय. कसायाला बोट दाखवतेय.

कि.भां.ना विचारलं तुम्ही कुठलं घ्याल. ते इमारतीचा सेक्शन, म्हणजे उभा छेद, काढत होते. माझ्याकडे सरकवलं. "बघा. डोकं काढलं तर कमान कशावर?" एकदम सोपं! डोकं म्हणजे शोभा नाही, कमानीचं सगळं ओझं त्याच्यावर. एक काढायचं तर कमान उतरते, कमान उतरली की कैची. एक असं निघतच नाही. अख्खं ठेवा नाहीतर अख्खं पाडा, मधलं काही नाही.

तेच पत्रात ट्रस्टला लिहिलं. मी मराठीत, त्यांनी सही केली. सही करताना थांबले होते. नवी बिल्डिंग हातची जाणार हे त्यांनाही कळत होतं. पेन झटकलं आणि केली.

१७ फेब्रु.
अध्यक्षांना हॉलवरच गाठलं, पत्र हातात दिलं. उभ्याउभ्याच वाचलं. घडी घातली, खिशात. मला वाटलं झालं. सरळ खांबांच्या रांगेतून चालायला लागले, एकेकाखाली थांबत. कि.भा. आणि मी मागे, वरातीत चालल्यासारखे. शेवटच्या खांबाशी आले. तो अजून पोपटीच.

"यावर काय आहे?"
"माहीत नाही. अजून खरवडला नाही."
वर बघत होते. किल्ल्या वाजत होत्या नुसत्या.
"मग खरवडा. तो बघितल्याशिवाय पाडायच्या कागदावर मी सही करत नाही."
आणि गेले.

कि.भा. म्हणाले, "दोन दिवसांत होऊन जाईल." चिपटीला धार लावायची होती, ती लावली नाही. काकांना म्हटलं, घोडा उद्या सावकाश आणा.