वाचनालयाची सुनावणी

सोमवार, ३ फेब्रुवारी

अखेर सुनावणीची तारीख मिळाली — गुरुवार! विद्यापीठामागचं जुनं वाचनालय पाडून तिथे दवाखाना बांधायचा नगरपालिकेचा घाट. महिन्यापूर्वी वर्गात म्हटलं होतं, 'नागरिकशास्त्र पाठ करून पेपर सुटेल, शहर नाही. उठा, दारोदार जा, बोला!' आणि पोरं खरंच गेली. सहाशे सह्या! सगळ्यात जास्त चिमणीच्या. आवाज एवढासा, म्हणून मी तिला चिमणी म्हणते. वाचनालयाला लागूनच्या वस्तीत राहते. सभेत तीच बोलणार.

बुधवार, ५

भाषण तीनदा म्हणून घेतलं. मध्येच म्हणाली, 'मॅडम, एक बोलायचं होतं.' म्हटलं, आधी हे पाठ कर, मग बोल.

गुरुवार, ६



चिमणीने माईक घेतला, माझा कागद घडी करून खिशात ठेवला. 'वाचनालय आम्हालाही आवडतं. पण आधी दवाखाना हवा. माझ्या बहिणीला कळा सुरू झाल्या, हॉस्पिटल गाठायला पाऊण तास लागला. बाळ गेलं. लोकांनी सह्या दिल्या, कारण मॅडमची मुलं दारात उभी होती. नाही कसं म्हणणार?'

मागून टाळ्या! सहाशे सह्यांवर पाणी. मी पहिल्याच रांगेत. नगरपालिकेचा अधिकारी माझ्याकडे बघून हसला.

बाहेर गाठलं तिला. 'तोंडघशी पाडलंस मला!'

'मॅडम, उठा, बोला, असं तुम्हीच—'

'माझ्याविरुद्ध?'

ती रडली नाही. घरी येऊन मीच रडले.

शुक्रवार, ७

वर्गावर गेले नाही. ताईचा फोन. 'अगं, पोर आहे ती, सोडून दे.' कशी सोडू? माझ्या घरी हक्काने जेवणारी मुलगी! केसाने गळा कापला माझा. निदान आधी सांगायचं तरी!

सोमवार, १०

दवाखाना मंजूर. चिमणी जिन्यात दिसली. मी मान फिरवली.

बुधवार, १२

कपाट आवरताना पहिल्या सत्रातले अहवाल निघाले, मुलांनी केलेल्या वस्तीच्या पाहणीचे. चिमणीचा उघडला. पान चार — 'त्रेसष्ट घरांत विचारलं. एकावन्न घरं म्हणाली, आधी दवाखाना. मॅडम, यावर वर्गात बोलू या का?'

खाली लाल शाईत माझं अक्षर — 'उत्तम!'

ते पान मी आज पहिल्यांदा वाचलं.