बारा खणांची जपानी

३ मार्च
जपानी सुरू. कारखान्यातून एकालाच वर्षभर जपानला धाडणार. परीक्षा वीसला. उमेदवार दोन, मी आणि चष्मिस. म्हणजे एकच. ताईला म्हटलं, तुझी मोठी बॅग काढून ठेव. ती म्हणाली, आधी दहा ओळी मराठी न चुकता लिही. जळते नुसती.

५ मार्च
ही अक्षरं? शाईत पाय बुडवून उंदीर पळालेत! ज्याने काढली त्याला समोर आणा, दोन ठेवून देतो. उद्यापासून पहाटे पाच.

६ मार्च, सकाळी साडेनऊ
अलार्म आईने बंद केला. म्हणते तूच केलास. उलट्या बोंबा!

९ मार्च
फोरमनने हत्यारांच्या बारा खणांवर चिठ्ठ्या डकवल्या. वर जपानी, खाली आपल्या अक्षरांत उच्चार. येता-जाता पाठ होतं म्हणे. चष्मिस खणांपुढे पोथी वाचल्यासारखा पुटपुटत होता. टाळकंच सरकलं. जेवणाच्या सुट्टीत सगळ्या चिठ्ठ्यांची अदलाबदल केली. घोक लेका आता!

१० मार्च
चष्मिसने अभ्यासाची रजा टाकली! घरी वहीतून घोकणार. एवढी मेहनत माझी, पाण्यात! फोरमनला कळायच्या आत चिठ्ठ्या होत्या तशा लावल्या. आठवणीने. मेमरी आपली कडक.

१७ मार्च
पुस्तक माळ्यावर. चिठ्ठी वाचायची, खण उघडायचा, बस. बाराही तोंडपाठ. ताई म्हणाली, कुणाकडून तरी तपासून घे. कंपनीच्या चिठ्ठ्या आहेत, तपासायला मी रिकामटेकडा आहे?

२० मार्च
परीक्षेला खुद्द जपानी साहेब. चिठ्ठ्या काढलेल्या. तो नाव घेणार, आपण हत्यार आणायचं. पहिल्यालाच धावत तेलाची बुधली नेली. साहेब कमरेत वाकला. हातोडा नेला, आणखी वाकला. एवढा मान! बारापैकी बारा. चष्मिस रांगत होता.

२२ मार्च
चष्मिस जातोय. मला बारापैकी एक! फोरमनला म्हटलं, तुमच्या साहेबालाच जपानी येत नाही. म्हटलं, मग वाकत का होता? फोरमन म्हणाला, तोंडावर चूक म्हणवेना, म्हणून तो वाकून माफी मागत होता.
सगळे एकमेकांना सामील.

२५ मार्च
मोठी बॅग ताईने चष्मिसला दिली.
फोरमनने चिठ्ठ्यांचा गठ्ठा माझ्या हातात कोंबला. पुढच्या बॅचसाठी लाव म्हणाला, आणि नीट. तासभर गठ्ठ्याकडे बघत बसलो. शेवटी चष्मिसला फोन केला. बिचाऱ्याने, छे, बिचारा कसला, त्याने बाराही सांगितले. सावकाश, दोनदा.
मग म्हणाला, पण तुला येतातच ना रे?
हो म्हटलं.