पाणी तपासलं का?

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं. वाचून आधी रडू आलं, आणि मग जो संताप आला तो अजून उतरलेला नाही. पोटात गाठ, पोटात पाणी, छातीत पाणी, एवढं बघून मोठ्या इस्पितळाने 'कर्करोग, शेवटची पायरी' असं लिहून दिलं आणि तू लगेच भांडीकुंडी वाटायला बसलीस! मोठी पातेली जाऊबाईंना, शाल मला. अगं, चालतीबोलती आहेस तू अजून. मला नको तुझी शाल.

सोबतचे कागद मी तीनदा वाचले. फोटो आहेत, रक्ताचे आकडे आहेत, सह्या-शिक्के तर विचारूच नकोस. पण तुझं पाणी सूक्ष्मदर्शकाखाली कुणी बघितलं, असा एक चिटोराही नाही. दम लागला म्हणून दोनदा पाणी काढलं आणि दोन्ही वेळा बादलीत ओतलं, हे तूच लिहिलं आहेस. शेवटचीच पायरी म्हटल्यावर बघायचं कशाला, असा त्यांचा खाक्या!

चार वर्षांपूर्वी माझ्याकडे एक शिवणकाम करणारी बाई आली होती. तिच्या कागदावरही हेच. नवऱ्याने तिच्या शिलाई मशीनला गिऱ्हाईकसुद्धा बघून ठेवलं होतं. आमचा दवाखाना तो केवढा! सोनोग्राफीत बघायचं म्हणजे धुक्यात म्हैस शोधायची. सूक्ष्मदर्शकाचा दिवा गेलेला, म्हणून तो खिडकीत ठेवला, आरसा उजेडाकडे वळवला, आणि मी आणि आमच्या लॅबवाल्या बाई आळीपाळीने डोळा लावून बसलो. तीनदा पाणी काढलं, तीनदा बघितलं. वाईट पेशी एकही नाही. मोठ्या इस्पितळात फोन केला तर तिथले साहेब हसले, म्हणाले, बाई, नसत्या फंदात पडू नका. मी पडले. पोट उघडलं तर अंडाशयावर नारळाएवढी पांढरी, टणक गाठ, आणि बाकी सगळं स्वच्छ. अशी गाठ क्वचित सापडते, पण असते साधी. कर्करोग नव्हे, तरी तिच्यापायी पार छातीपर्यंत पाणी भरतं. गाठ काढली आणि पाणी आपोआप आटलं. तुकडा बसने शहरात पाठवला, तीन आठवड्यांनी अहवाल आला, निरुपद्रवी. बाईने खूश होऊन त्याच खिडकीला जाडजूड पडदा शिवून आणला. आता उजेड कुठून आणू? पण तिला काय बोलणार! रोज सकाळी बाजूला सारते.

तुझीही गाठ तशीच निघेल, असं मी छातीठोक सांगत नाही. पाण्यात वाईट काही दिसलं नाही तरी खात्री गाठ काढल्यावरच होते. कदाचित ते म्हणतात तेच खरं निघेल. पण न बघता लिहिलेलं मी मानणार नाही, मग खाली सही कुणाचीही असो.

आता ते सांगते, जे लिहायला मला बावीस वर्षं लागली. आईचं पोट असंच फुगलं होतं, दमही असाच लागायचा. मी नुकतीच डॉक्टर झालेली, स्वतःला फार शहाणी समजत होते. घरी न्या, आता हाल नकोत, असं मीच म्हणाले. तू मला व्हरांड्यात गाठून विचारलंस, पाणी तपासलं का? मी हो म्हणाले. ताई, तपासलं नव्हतं. माझ्या वरच्या डॉक्टरसाहेबांनी 'आता उपयोग नाही' अशी नुसती मान हलवली आणि मी आईच्या पोटातल्या पाण्याची बाटली मोरीत रिकामी केली. आईला नक्की काय झालं होतं, ते मला आजही माहीत नाही आणि आता कधीच कळणार नाही. तुला हवं तेवढं बोल मला, पण इथे येऊन बोल. गुरुवारी सकाळच्या बसने ये, मी स्टँडवर उभी असेन. शाल स्वतःच्या अंगावर घेऊन ये. या वेळी बाटली तुझ्यासमोर भरीन, आणि त्या खिडकीत बसून काचेतून आधी तू बघायचंस, मग मी.

तुझीच,
हट्टी धाकटी